एकोणतीसच्या पाढ्यावर वल्हं

उंब्रजच्या दादासोंनी निवृत्तीनंतर अंगणात कयाक, एकट्यापुरती अरुंद होडी, बांधली, तेव्हा गावानं फारसं मनावर घेतलं नाही. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कापड आणि ग्रीनलँडच्या जुन्या पद्धतीचं वल्हं; दोन्ही टोकांची पाती जेमतेम चार बोटं रुंद. शालूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, एवढ्याशानं पिठलं तरी हलंल का?"

दादासोंना मालवणच्या समुद्रात जायचं होतं. कयाक शिकवणाऱ्या सांगलीच्या क्रांतीचा गट डिसेंबरात तिकडं निघणार होता, पण तिची अट होती : कृष्णेत घाटापासून पंपघरापर्यंत जाऊन परत, सहा किलोमीटर, एका तासात. समुद्रात मागं राहणाऱ्यासाठी लाटा थांबत नाहीत.

पहिल्या खेपेला दादासोंना एक तास अकरा मिनिटं लागली.

"काका, सुरुवात झकास होती. नंतर काय झालं?" क्रांतीनं विचारलं.

"नंतर तर लय जोरात हात मारलं की!"

"तेच सांगते. पातं बुडायच्या आधीच ओढत होता. पाणी उडतंय, होडी जागेवर. मिनिटाला साठ हात पुरेत, तुम्ही नव्वदवर गेलात. अजून एक संधी देते, पुढच्या रविवारी."

दोष कुठं होता ते दादासोंना ठाऊक होतं. तीस वर्षं त्यांनी भजनी मंडळात मृदंग वाजवला होता, त्यामुळं वल्हं मारताना ते मनात अभंग धरत. आणि उंब्रजच्या मंडळात अभंग सुरू होतो सावकाश, संपताना मात्र टाळकरी उड्या मारत असतात. पंपघराच्या वळणावर अख्खं मंडळ उड्या मारायला लागलं, आणि होडीत दादासो एकटे.

घरी त्यांनी पाटावर बसून आरती धरून पाहिली. तीही चढली.

"आपल्यात देवाचं कायबी हळू संपत न्हाई," ते वैतागले.

शालूबाई लसूण सोलत होत्या. "मग पाढं म्हणा."

"पाढं तर पोरं पळतच म्हणत्यात."

"बेचा नगं. एकोणतीसचा म्हणा. तुमाला त्यो कवा धड आलाय?"

अपमान खरा होता, म्हणूनच लागू पडला.

रविवारी दादासो निघाले. एकोणतीस एके एकोणतीस. डावं पातं बुडालं, उजवं बुडालं, मगच पुढचा आकडा सापडला. एकोणतीस सातीपाशी तर घाई करायची सोयच नव्हती. वाटेत जाळं टाकणाऱ्या एकानं हाक दिली, "दादा, कुठवर?"

"दोनशे बत्तीस," दादासो म्हणाले आणि पुढं गेले.

घाटाला लागले तेव्हा अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. क्रांतीनं वहीत त्यांचं नाव लिहिलं आणि युक्ती विचारली. ऐकून ती म्हणाली,

"पण काका, डिसेंबरपर्यंत रोज म्हणाल, तर तो पाठ होईल. मग पुन्हा पळायला लागाल."

दादासोंचा चेहरा उतरला. ओल्या हातानंच त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, उजळणीचं जुनं पुस्तक काढून ठेव. समुद्राला सदतीसचा लागंल."