एक मेचं दूध

मी एक जुनी, जागोजागी टवके उडालेली दुधाची किटली आहे. मित्रांनो, माझ्यामुळे कुणाचा काय फायदा होता, ते आधी सांगते. पद्मजाकाकूंना ताजं, सायीचं दूध मिळायचं आणि परक्या देशात हक्काने ठोठावायला एक दार. नोराचा फायदा त्याहून मोठा. त्या एकटीच्या घरी रोज सकाळी कुणीतरी यायचं.

माझा जन्म आयर्लंडचा. नोराच्या आईने मला बोटीतून पेनसिल्व्हेनियात आणलं. स्टेट कॉलेज नावाच्या गावाबाहेरच्या त्यांच्या शेतावर शेवटी गाय एकच उरली, पण मला सुट्टी नव्हती. नोरा मला भरून द्यायची. काकू परत आणताना तळाशी चिमूटभर साखर घालायच्या, रिकामं भांडं देऊ नये म्हणून. नोराला हे फार पटायचं. तीही असलं पाळायची: पाहुणा ज्या दाराने आत आला त्याच दाराने बाहेर पडला पाहिजे, नाहीतर भाग्य जातं; आणि टेबलावर बूट दिसले की अपशकुन म्हणून किंचाळायची.

तीन वर्षांपूर्वी एक मेला काकूंच्या नातीचा, अनिकाचा वाढदिवस होता. नोराकडून दूध न्यायला लागल्यापासूनचा काकूंचा तो पहिलाच एक मे. खिरीसाठी काकू मला घेऊन लगबगीने आल्या. नोराने दार अर्धंच उघडलं.

"आज नाही, पद्मा. उद्या ने."

"का? गाय बरी आहे ना?"

"बरी आहे. पण आज नाही."

मेच्या पहिल्या दिवशी दूध घराबाहेर दिलं, तर वर्षभराचं भाग्य त्याच्यामागोमाग जातं, असं तिला आईने शिकवलं होतं. पण तिची नातवंडं यावर खो-खो हसायची. निवृत्त डॉक्टर असलेल्या काकूंसमोर हे बोलायला ती लाजली.

काकू तणतणत घरी आल्या. "दारातून परत पाठवलं! या देशात चाळीस वर्षं झाली, तरी आपण परकेच."

"आजी, जस्ट आस्क हर व्हाय," अनिका म्हणाली.

"माझं अडलंय खेटर!"

त्याच संध्याकाळी शेजारची रुचा विरजण मागायला आली. काकूंनी नुकताच देवापुढे दिवा लावला होता. "दिवेलागणीला दही देत नाही गं बाहेर. उद्या ने हं."

"माझी आईपण सेम!" रुचा हसत गेली.

ओट्यावरून मी सगळं ऐकलं. मला तोंड आहे, पण ते ओतण्यापुरतं.

दुसऱ्या दिवशी नोरा स्वतः बाटलीभर दूध घेऊन आली. बेल दोनदा वाजली. काकू जागच्या हलल्या नाहीत. पायरीवर ठेवलेलं दूध उन्हात नासलं. त्यानंतर काकू मला घेऊन नोराकडे कधी गेल्याच नाहीत.

डिसेंबरात नोरा वारली. तिची मुलगी सांगायला आली, तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "एक मेला आई मलासुद्धा दूध नेऊ द्यायची नाही. आणि शेवटपर्यंत सकाळ झाली की दाराकडे बघायची." काकूंनी मला ओट्यावरून उचलून जवळ घेतलं.

आता मी वरच्या फळीवर असते. काकू मला पुसतात, भरत नाहीत. मित्रांनो, कुणी "आज नाही" म्हणालं, तर रुसण्याआधी एकदा कारण विचारा. दोन्ही घरांचं भाग्य जिथल्या तिथे राहिलं. त्याची किंमत नोराने सात महिने मोजली, आणि काकू अजून मोजतायत.