पानाला भोक पडू नये म्हणून

लिंबाच्या रोपाच्या तिसऱ्या पानावर, कडेजवळ, एक भोक पडले होते. सकाळी मोजले तेव्हा ते साडेतीन मिलिमीटर भरले. मधल्या सुट्टीत पाच. शाळा सुटताना मोजायला भोकच उरले नव्हते, कारण पानाची ती बाजू संपली होती. मोजणारी मुलगी चौथीतली होती. ती दिसेल ते मोजायची म्हणून वर्गाने तिचे नाव फूटपट्टी ठेवले होते, आणि तिला ते आवडायचे. तिने तिन्ही आकडे वहीत लिहिले आणि खाली लिहिले, ‘आज अळीला चांगली भूक लागली.’

ती लिहीत होती तेव्हा मी तिच्यापासून चार पावलांवर, अवजारांच्या खोलीत भिंतीला टांगलेला होतो. मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पानाला भोक पडू नये म्हणून मला बनवले गेले. आणि ही मुलगी भोक मोजून खूश होत होती.

मला बनवले एका पितळकाम करणाऱ्या कारागिराने. त्याने पितळेचा पत्रा गोल वळवला, जोडावर डाख दिला, आत पाणी भरून मला अर्धा दिवस कागदावर उभे केले आणि कागद कोरडा राहिल्यावरच हातावेगळे केले. माझ्या पोटात चार लिटर मावते. वर लाकडी मुठीचा दट्ट्या आहे, दट्ट्याच्या टोकाला चामड्याचे वायसर, बाजूला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला पितळी तोटी. तोटीचे छिद्र इतके बारीक की त्यातून सुई जेमतेम जाईल. दट्ट्या चाळीस वेळा खालीवर केला की आतली हवा दाबली जाते आणि तोटीतून धुके निघते. थेंब नव्हे, धुके. थेंब झारीतूनही पडतात.

झारीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. ती माझ्या शेजारच्या खुंटीवर असायची. पातळ पत्र्याची, एका बाजूला चेपलेली, बुडाला गळणारी. मी आयुष्यात एक थेंब गाळला नाही. तरीही रोज सकाळी दोन मुले तिच्यासाठी भांडायची, आणि जो जिंकेल तो तिच्या बुडाच्या भोकावर बोट दाबून धरत तिला न्यायचा. माझ्याकडे एखादे मूल नुसते वळले तरी माळीकाका म्हणायचे, “त्याला हात लावायचा नाही.” बाई म्हणायच्या, शिपाई म्हणायचे, वर गेलेली मुले खालच्या वर्गातल्या मुलांना सांगायची. मी इतका चकचकीत असून मला हात का लावायचा नाही, हे मला कुणी सांगितले नाही.

बाकी माझे दिवस मानाचे होते. माळीकाका तरुण असताना या शाळेत आले आणि त्याच महिन्यात मीही आलो. दर दुसऱ्या रविवारी, शाळेत चिटपाखरू नसताना, ते नाकाला फडके बांधत, काठीने औषध ढवळत आणि मला खांद्याला लावून बागेतून फिरत. ते औषधच म्हणत, म्हणून मी स्वतःला झाडांचा डॉक्टर समजत आलो. शाळेचे गुलाब पाहायला लोक थांबायचे. इतकी स्वच्छ पाने कशी ठेवता, असे विचारायचे. काका उत्तरादाखल माझ्या पोटावर थाप मारायचे. महिन्यातून एकदा ते मला लिंबाच्या सालीने घासायचे. त्या दिवशी झारीला मी माझ्यात तिचा चेहरा दाखवायचो.

मग विज्ञानाच्या बाईंनी चौथीच्या वर्गाला सांगितले की आपण शाळेत फुलपाखरांची बाग आखू या.

सगळे माझ्या खोलीसमोरच चालायचे, त्यामुळे मला सगळे ऐकू यायचे. मुलांनी जमिनीत काठी रोवली आणि दर तासाला तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवला. ऊन कुठे किती वेळ राहते ते त्यावरून ठरले. चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे अर्धा मीटर, असे धरून नकाशा काढला. फुलपाखरांना ऊन खायला सपाट दगड, पाणी प्यायला ओल्या मातीची उथळ थाळी आणि बाकी सगळीकडे फुलेच फुले. बाईंनी नकाशा पाहिला आणि विचारले की फुलपाखरू लहानपणी काय खाते. एक मुलगा म्हणाला, दूध. दुसरा म्हणाला, “ते तू पी, डोकं चालेल.” बाईंनी फळ्यावर एक पान काढले, पानावर ठिपक्याएवढे अंडे काढले आणि खडू खाली ठेवला. मुलांना कळायला दोन मिनिटे लागली. मग नकाशात एक कोपरा अळ्यांसाठी आला. तिथे लिंबाची रोपे लावायची होती, आणि ती अळ्यांनी खायची होती.

हा कोपरा गुलाबांच्या वाफ्याला लागून होता. बाईंनी मुलांना खडूचे डस्टर घेऊन वाफ्याशी उभे केले आणि ते झटकायला सांगितले. वाऱ्याने भुकटी कुठवर गेली ते फूटपट्टीने मोजले. सव्वातीन मीटर. म्हणजे गुलाबांवर फवारलेले धुके अळ्यांच्या कोपऱ्यात पोहोचणारच होते.

मुख्याध्यापिकांनी सांगितले की बाग माळीकाकांच्या हातातली आहे, ते हो म्हणतील तेव्हाच खणायचे. आणि वर्ष संपले की चौथीची मुले दुसऱ्या शाळेत जाणार होती.

बाई काकांकडे आल्या. काका माझे वायसर तेलात भिजवत बसले होते.

“पाहुणा हवा फुलपाखराचा आणि घरात शिरणार अळी,” काका म्हणाले. “जिला जन्मभर हाकललं तिच्यासाठी आता मीच जागा करू?”

“जागा मुलं करतील. तुम्ही फक्त फवारू नका.”

“बघू.”

हे पहिले ‘बघू’. त्यानंतर बाई येत राहिल्या आणि काका बघत राहिले. मला प्रत्येक ‘बघू’ गोड लागायचे.

तोवर मुलांनी तयारी म्हणून तीन कुंड्यांत लिंबाची रोपे लावली आणि खोलीच्या दाराशी ठेवली. एका काळ्या-पांढऱ्या फुलपाखराने त्यांवर अंडी घातली. चौथ्या दिवशी सहा अळ्या निघाल्या. पक्ष्याची विष्ठा पडावी तशा दिसत होत्या. तरी मुले गुडघे टेकून त्यांच्याकडे पाहायची. एखादीला हळूच काडी लावली की तिच्या डोक्यामागून नारिंगी शिंग बाहेर यायचे, घाण वास यायचा आणि मुले आनंदाने मागे पडायची. मुलांनी झारीला पिवळा रंग दिला, तिच्यावर अळीचे चित्र काढले आणि तिचे भोक मेणाने बुजवले. मला वाटले, आता हिचे गळणेही गेले. तिच्यापेक्षा वरचढ ठरायला माझ्याकडे तेवढेच तर होते.

मला लाज वाटते, पण सांगतो. मला झारीचा हेवा वाटत होता, कुंड्यांचा वाटत होता, आणि त्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या सहा जिवांचा सगळ्यांत जास्त. त्यांनी जन्मात एकच काम केले होते, पाने बिघडवण्याचे. आणि त्यांचे वाढदिवस वहीत लिहिले जात होते.

मग फवारणीचा रविवार आला. काकांनी गुलाबांवर फवारले. माझे वायसर तेव्हा जुने झाले होते, चारदा चालवले की एकदा अडायचे. मी अडलो असतो तर कुणाला नवल वाटले नसते. त्या दिवशी मी एकदाही अडलो नाही. इतके बारीक, इतके सारखे धुके मी कधी सोडले नव्हते. परतताना दाराशी काकांना एक भोक पडलेले पान दिसले. इतक्या वर्षांची सवय असलेला हात आपोआप उठला.

दोन क्षण धुके कुंड्यांवर पडले. मग काकांनी तोटी खाली केली. कुंडीसमोर बसून त्यांनी रुमालाने एक पान पुसले. दुसरे पुसले. तिसऱ्यावर हात थांबला. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, मला टांगले आणि ते घरी गेले.

सोमवारी सहाही अळ्या कुंडीच्या मातीवर पडलेल्या होत्या. मुलांनी कारणे शोधली. ऊन, मुंग्या, पाणी. शनिवारी पाणी घालायची पाळी फूटपट्टीची होती आणि तिने नेहमीपेक्षा अर्धी झारी जास्त घातली होती, रविवारी कुणी नसते म्हणून. एक मुलगा म्हणाला, बुडवलंस तू त्यांना. बाई म्हणाल्या की पुरावा नसताना असे म्हणता येत नाही. पण फूटपट्टीला तो पुरावा पुरला. तिने वहीत लिहिले, ‘पाणी जास्त झाले. चूक माझी.’ मग ती बागेत येईनाशी झाली. वर्गाकडे जाताना ती आमच्या दारावरून मान फिरवून जायची.

एके दिवशी काकांनी तिला विचारले, “आज काही मोजायचं नाही का गं?”

“नको काका. मी हात लावला की मरतात.”

काका झारी हातात घेऊन उभे होते.

त्यानंतरच्या फवारणीच्या रविवारी ते आले, मला खाली घेतले, आणि पुन्हा टांगले. पुढच्या वेळीही तसेच झाले. गुलाबाच्या पानांवर भोके पडू लागली. एक पाहुणा थांबला आणि म्हणाला, काका थकले वाटतं आता. काकांनी तेही ऐकून घेतले. बाईंना मात्र ते ‘बघू’च म्हणत राहिले. मी खुंटीवर काळा पडत होतो, आणि मला पहिल्यांदाच वाटू लागले होते की यांनी एकदाचे बोलून टाकावे.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. माझ्यासारख्या वस्तूला चकाकी पाहून हातात घेऊ नका, आणि तिचा वापर थांबला म्हणून तिच्यात पिण्याचे पाणीही भरू नका. आणि कुणाच्या हातून चूक झाली तर ती दुसऱ्याच्या वहीत राहू देऊ नका. मी बोलू शकलो असतो तर त्याच सोमवारी बोललो असतो. निदान मला आता तसे वाटते.

वर्ष संपायला महिना उरला तेव्हा वर्गात नकाशा पक्का करायचा दिवस आला. काका मला उचलून थेट वर्गात घेऊन गेले. मी वर्ग पहिल्यांदाच पाहत होतो. नकाशा भिंतीवर होता. अळ्यांचा कोपरा खोडरबराने पुसलेला होता, पण पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या. आम्हाला अळ्या सांभाळता येत नाहीत, म्हणून नुसती फुलेच लावायची, असे मुलांनी ठरवले होते. फूटपट्टी शेवटच्या बाकावर होती आणि तिच्या पुढ्यात वही नव्हती.

काकांनी मला बाईंच्या टेबलावर ठेवले. पुढच्या बाकावरच्या मुलाने हात पुढे केला.

“हात नको लावू,” काका म्हणाले. “ह्यात विष असतं. मी औषध म्हणतो, पण अळीला ते विषच.” मग ते शेवटच्या बाकाकडे वळले. “त्या रविवारी मी कुंड्यांवर फवारलं होतं. सवयीनं. पण फवारलं मीच.”

फूटपट्टी उभी राहिली.

“म्हणजे पाणी जास्त नव्हतं झालं?”

“नाही गं बाळ. मी मातीत बोट घालून बघितलं होतं. तुझं पाणी बरोबर होतं.”

तिने दप्तरातून वही काढली, ते पान शोधले आणि ‘चूक माझी’ या दोन शब्दांवर एक सरळ रेघ मारली. रेघ पट्टीने मारली.

पुढच्या बाकावरच्या मुलाने विचारले की पंप दहा वेळा धुतला आणि त्यात पाणी भरले तर चालेल का.

“शंभरदा धुतला तरी त्याची झारी व्हायची नाही,” काका म्हणाले.

जन्मभर मला हेच ऐकायची भीती होती. ऐकले तेव्हा मात्र ते खरे वाटले, आणि मुलांचे हात माझ्यापासून दूर का ठेवत होते तेही समजले.

बाईंनी पेन्सिल उचलली, नकाशाच्या पुसलेल्या कोपऱ्याशी धरली आणि काकांकडे पाहिले. काकांनी माझ्या पोटावर एक थाप मारली, पूर्वी मारायचे तशी.

“फवारणी बंद,” ते म्हणाले. “गुलाबावरची पण. आजपासून. भोकं पडतील ती पडू देत. मोजायला तू ये.”