पाचशे अक्षरांची शिफारस

"'होतकरू' काढ," प्योन सर म्हणाले. "सगळ्याच होतकरू असतात. पुढे वाच."

बोरा स्वतःची शिफारस स्वतःच वाचत होती. दक्षिण कोरियातल्या थोंगयंगच्या या मुलींच्या शाळेत रीतच तशी. पत्र शिक्षकांचं, लिहायचं विद्यार्थिनीनं, सही शिक्षकांची. पाचशे अक्षरं, नाव कुठेही घालायचं नाही. देजॉनच्या विज्ञान विद्यापीठाकडे शाळा एकाच मुलीची शिफारस करू शकत होती.

*पहिला खर्डा.* हिने कालवांच्या शिंपल्यांची भुकटी वापरून आम्लधर्मी पाणी सुधारण्याचा प्रयोग केला. तीनदा फसला. का फसला, ते हिला अजून कळलेलं नाही.

"हा काय कबुलीजबाब आहे?"

"फसलाच ना, सर."

"फसू दे गं. पण त्यातून शिकलीस काय, ते लिही. विद्यापीठाला फसलेली मुलगी चालते, अडाणी चालत नाही."

*दुसरा खर्डा.* मग हिने भुकटी भाजून घेतली. चौथ्यांदा आकडे जुळले. ही हसली नाही. पाचव्यांदा मोजलं, मग हसली.

सरांनी पेन खाली ठेवलं. "हे मला लिहायला जमलं नसतं," ते म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी तिला प्रयोगशाळेत थांबवलं. दार लावलं, मग पुन्हा उघडलं.

"युनसलचं नाव ठरलं. तिचे वडील शाळेच्या समितीवर आहेत म्हणून नाही हं."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तिचे गुण दशांशानं वर आहेत."

"शतांशानं," बोरा म्हणाली.

सरांनी टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला. "तिनं आणलेलं पत्र शिकवणीवाल्यांनी लिहिलंय. साबणाची जाहिरात वाटते. दोन वर्षं तू तिच्याच टेबलावर होतीस. जरा लिहून देतेस?"

"मी?"

"बाकीच्या विद्यापीठांना तुझं पत्र मलाच द्यायचंय ना. मी लक्षात ठेवीन."

बोरा संगणकासमोर बसली. तासभर तिने युनसलचं एखादं खोटं, एखादी लबाडी आठवून पाहिली. सापडली असती तर सोपं झालं असतं.

*शेवटचा खर्डा* युनसलचा होता. सरांनी तो एक शब्दही न बदलता पाठवला.

संध्याकाळी आई कालवं फोडण्याच्या शेडमध्येच होती. हातमोजे ओले, सुरी चालू.

"लिहिलं का गं सरांनी?"

"झालं लिहून."

"वाच की मग."

बोराने दप्तरातून त्याच खर्ड्याची प्रत काढली. खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आणि ती वाचू लागली.

"शेजारच्या मुलीची भुकटी सांडली, तेव्हा हिने आपली अर्धी तिला दिली. स्वतःचा प्रयोग पहिल्यापासून मांडला. याबद्दल ही कुणाशी बोलली नाही. मी ते पाहिलं होतं."

आईची सुरी थांबली.

"मला कधी बोलली नाहीस."

"नाही बोलले."

"सरांचं लक्ष असतं हो तुझ्यावर." आईने मनगटाने नाक पुसलं आणि मागच्या रांगेकडे वळून म्हणाली, "अगं ए बायांनो, जरा हात थांबवा. बोरा, पहिल्यापासून वाच. मोठ्यानं."

एकेक सुरी थांबत गेली. बोराने कागद सरळ केला.