पोटातला रंग

मित्रांनो, मी एक जुनी राख आहे. कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरखाली दगडी कोळसा जळतो, त्याच्या पोटी माझा जन्म झाला. जन्मताच मला उकिरडा दाखवला. 'राख झाली' म्हणजे सगळं संपलं, असं तुम्ही माणसं म्हणताच की!

कारखान्याचं लाल पाणी नाल्यात जाई आणि तिथून बॉयलर सांभाळणाऱ्या कामगाराच्या, बॉयलरवाल्याच्या, धाकट्या बहिणीच्या विहिरीत झिरपे. तिची भाजी कुणी घेईना. दादा, तुझा कारखाना माझे कपडे फुकट रंगवतो, असं ती हसून म्हणे आणि डोळे पुसे.

मग कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी मला धुतलं, भाजलं आणि पिंपांत थरावर थर भरलं. वरून लाल पाणी सोडलं, खालून नितळ आलं. रंग मी कणाकणाने धरून ठेवला होता. पाहुणे आले, फोटो निघाले. मालकांनी पाठ थोपटली, ती पिंपाची. बहिणीची विहीर हळूहळू निवळली. तिने पहिला पेला भावालाच दिला.

पुढे माझं पोट भरलं. भरलेली राख भट्टीत परत भाजायची, म्हणजे रंग जळून जातो, असं बाईंनी बजावलं होतं. मालक म्हणाले, कापडाचं काम थांबवून राख कोण भाजत बसणार? मी भिंतीकडेला साचत गेले. बॉयलरवाल्याला वाटलं, चांगली राख वाया जाते. त्याने मला पोत्यांत भरून बहिणीच्या वाफ्यांत पसरलं.

"बाईंना विचारलंस का?" तिने विचारलं.

"राखेचं काय विचारायचं? आई चुलीची राख भाजीला घालायचीच ना."

राखेला कुठली वाचा! तिने वाफ्यांना पाणी सोडलं. धरवला तेवढा रंग मी धरला, मग तो सुटत गेला. विहीर उतारालाच होती. एका सकाळी बादली वर आली, ती लाल.

भाऊ काठावर खाली मान घालून बसला.

"दादा, या वेळी नाल्यातून नाही आलं रे," ती म्हणाली, आणि रिकामी कळशी घेऊन शेजाऱ्यांकडे गेली.

कारखान्याच्या फाटकावर आज 'स्वच्छ पाणी' अशी पाटी आहे. मी वाफ्यांत पडून आहे. मित्रांनो, दुसऱ्याचं पाप पोटात घेऊन जिरवायला देव लागतो. मी तर राख. तुमची घाण कुणाला धरायला लावलीत, तर ती उतरवायची कुठे तेही बघा. नाहीतर ती आपल्याच माणसाच्या दारात उतरते.