सेक्रेटरी सारांचं समाधान

मोहनकुमार एकेकाळी विमानांची चाकं बदलत असत, हे आता त्यांना स्वतःलाही खरं वाटत नसे. बंगळुरातल्या एका विमान कंपनीच्या मेकॅनिक लोकांच्या युनियनचे ते सेक्रेटरी झाले, आणि त्यांचे हात इतके स्वच्छ होत गेले की बाळंतिणीच्या खोलीत शिरतानाही त्यांना कुणी हात धुवायला सांगितलं नसतं. निवडून ते नेहमी बिनविरोध येत. यात जादू काही नव्हती. निवडणूक अशा वेळी ठेवली जायची की अर्धे मेकॅनिक विमानाच्या पोटाखाली असायचे आणि उरलेले अर्धे घरी अंथरुणात.

कंपनीशी करार करायची वेळ आली की सेक्रेटरी सार हेब्बाळच्या तळ्याकाठी एका हॉटेलात बोलणी करायला जात. जाताना मागण्या घेऊन जात आणि येताना विजय घेऊन येत. मागच्याच्या मागच्या करारात ते म्हणाले होते, "विश्रांतीच्या खोलीतल्या खाटासुद्धा काढणार होते. मी अडून बसलो. फक्त गाद्या गेल्या, खाटा वाचवल्या!" पुढच्या करारात खाटा गेल्या, पण खोली वाचली. त्या खोलीत आता जुने टायर विश्रांती घेतात.

एवढं होऊनही मेकॅनिक बिंदुमाधवने कधी तक्रार केली नव्हती, कारण त्याच्याकडे बस होती.

बिंदुमाधव चामराजपेटचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम चालायचं. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि कामावर हिंदी, असं तीन भाषांचं त्याचं आयुष्य. विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कंपनीची बस पहाटे चामराजपेटहून निघायची आणि जुन्या शहरातली बावीस माणसं गोळा करत जायची. पाळी दर आठवड्याला बदलत असल्यामुळे घरी डोळा लागेपर्यंत उठायची वेळ झालेली असे. खरी झोप व्हायची ती बसमध्ये. आता, झोप न झालेल्या माणसाने स्कूटर दुरुस्त केली तर फार तर काय होईल, ती वाटेत बंद पडेल. विमानाचं तसं नसतं. ढगात गेल्यावर ते बाजूला उभं करून बघता येत नाही. म्हणून ती बस म्हणजे नुसती बस नव्हती. वर उडणाऱ्या शेकडो लोकांच्या वतीने बिंदुमाधव तिच्यात झोपत असे.

या खेपेला कंपनीने बस मागितली.

कॅन्टीनमध्ये सभा भरली. व्यासपीठावर सेक्रेटरी सार, आणि त्यांच्या शेजारी कंपनीचे अधिकारी विनोदकुमार. हे लखनौकडचे, सभ्य गृहस्थ. बंगळुरात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण कन्नड भाषेचा त्यांनी स्वतःला त्रास होऊ दिला नव्हता. बिंदुमाधव मागच्या बाकावर बसला. उजवीकडे नागराज, त्याचा कामातला जोडीदार. डावीकडे निपाणीकडचा देवाप्पा, ज्याला मराठीखेरीज दुसरी भाषा धड कळत नसे.

"मित्रांनो, आनंदाची बातमी!" सेक्रेटरी सार कन्नडमध्ये म्हणाले. "कंपनी बस पूर्ण बंद करणार होती. मी टेबलावर मूठ आपटली! बस राहणार. फक्त ती हेब्बाळहून सुटेल. हेब्बाळपर्यंत ज्याने त्याने आपापलं यायचं. स्वल्प सांभाळून घ्या."

"हेब्बाळहून पुढचा रस्ता तर सरळ आहे," नागराज पुटपुटला. "तिथून कसाही जाईन मी. हेब्बाळला कोण नेणार? ह्याची मूठ?"

पुढून कुणीतरी ओरडलं, "बस बेकू!" मग दहा जण ओरडले, मग सगळेच. बस पाहिजे, बस पाहिजे. टेबलं वाजू लागली. सेक्रेटरी सारांनी नेहमीसारखे दोन्ही हात वर केले आणि नेहमीचाच शब्द उच्चारला.

"समाधान! समाधान!"

आता या शब्दाची गंमत बघा. कन्नड माणूस 'समाधान' म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, शांत व्हा, धीर धरा. तोच शब्द हिंदी माणसाच्या कानात शिरला की त्याचा अर्थ होतो, तोडगा निघाला. आणि आपल्या मराठीत समाधान म्हणजे काय, ते ज्याला मिळालं त्यालाच ठाऊक. दर सभेत हेच घडत आलं होतं. लोक ओरडायचे, सेक्रेटरी सार त्यांना गप्प करायचे, माणसं सवयीने गप्प व्हायची, आणि विनोदकुमार प्रसन्न चेहऱ्याने उठून म्हणायचे, "बहुत बढ़िया, समाधान हो गया!" मग हात जोडून निघून जायचे. गाद्या तशाच गेल्या, खाटा तशाच गेल्या. सेक्रेटरी सारांना दोन्ही भाषा उत्तम येत होत्या. पण भल्या माणसाचा आनंद कशाला मोडा, म्हणून ते काही बोलत नसत.

आवाज उतरू लागला. विनोदकुमारांनी खुर्ची मागे सरकवली.

"बिंदूअण्णा," देवाप्पा कानाशी लागला, "दर टायमाला समाधान समाधान म्हनत्यात. कुनाचं होतंय हो हे?"

तो प्रश्न देवाप्पाने साधाच विचारला होता, पण बिंदुमाधवच्या डोक्यात तिन्ही भाषा एकदम एका जागी येऊन आदळल्या. गाद्या दिसल्या, खाटा दिसल्या, आणि पहाटे डुलक्या खात हेब्बाळच्या पुलावर स्कूटर चढवणारा आपण स्वतः दिसलो. तो उठून उभा राहिला.

"साहब, बैठिए," तो हिंदीत म्हणाला. "समाधान नहीं हुआ है. ये हमको चुप रहने को बोल रहे हैं."

विनोदकुमार अर्धे उठलेले तसेच राहिले. "मतलब?"

"समाधान इल्ला!" नागराज गरजला.

"समाधान नाही!" देवाप्पाला इतक्या वर्षांनी आपल्याला समजणाऱ्या सभेत बसल्याचा आनंद झाला होता.

मग कॅन्टीन जे सुरू झालं ते थांबेना. विनोदकुमारांना भाषा कळली नाही तरी नकार कळला. "फिलहाल, सोमवारपासून प्रयोग म्हणून बस हेब्बाळहूनच. करार नंतर बघू," एवढं सांगून ते मागच्या दाराने गेले.

सेक्रेटरी सारांनी बिंदुमाधवला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. एसी होता, काजू होते.

"बिंदू, तुझ्यात लीडर आहे. मी ओळखलं होतं."

"केव्हा, सार?"

"आत्ता. तुला सहसेक्रेटरी करतो. सोमवारपासून कंपनीची गाडी तुझ्या दारात. एसी लाव, मागे आडवा हो, झोप मस्त."

"आणि बस?"

"गाडी असताना तुला बस कशाला?"

"बाकीच्यांना, सार."

"बाकीच्यांचं मी बघतो ना!"

हे वाक्य बिंदुमाधवने खाटांच्या वेळीही ऐकलं होतं. पण खोटं कशाला बोला, गाडीची मागची सीट त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि जांभईही आली. जांभई देता देताच तो म्हणून गेला, "सरी, सार. ठीक आहे, पाठवा."

युनियनची बाकी कुठलीही बातमी सभासदांपर्यंत पोचायला महिने लागत. ही बातमी त्याच्याआधी बसमध्ये जाऊन बसली होती. नागराजने शेजारच्या सीटवर आपला डबा ठेवला. "माणूस बसलाय इथं," तो म्हणाला. देवाप्पा तर उठूनच उभा राहिला. "बसा सायेब." त्या संध्याकाळी बिंदुमाधवला बसमध्ये झोप लागली नाही.

घरी बायकोने, प्रतिमाने, सगळं ऐकून घेतलं. ती भाजी निवडत होती.

"अहो, गाडी मोठी आहे का?"

"चार माणसं बसतील. ड्रायव्हर सोडून."

"मग तीन जागा रिकाम्या नेणार? पेट्रोल तर त्यांचंच."

"सहसेक्रेटरीसाठी आहे ती."

"त्यांनी तुम्हाला एकट्याने यायला सांगितलंय का?"

बिंदुमाधवने आठवून पाहिलं. तसं कुणी सांगितलं नव्हतं. एकदा का माणूस गाडीत बसला की तो एकटाच बसतो, हे कंपनीने गृहीत धरलं होतं. रविवारभर तो घरोघर फिरला. नागराजच्या घरी आधी दार उघडेना, मग कॉफी मिळाली.

सोमवारी पहाटे पांढरी गाडी गल्लीत आली. ड्रायव्हर बसवंत बेळगावकडचा निघाला, म्हणजे मराठीच.

"कोपऱ्यावर घे," बिंदुमाधव म्हणाला.

कोपऱ्यावर बसच्या जुन्या थांब्यावर एकवीस माणसं डबे घेऊन उभी होती. बसवंतने करकचून ब्रेक मारला. "ओ सायेब, मला एकाला आनायला सांगितलंय."

"युनियनला आणायला सांगितलंय. ही युनियन. तिघांना घे आणि आम्हाला सोडून परत ये. बाकीचे इथंच थांबतील."

"अहो, दुपार होईल!"

"होऊ दे. घाई कोणाला आहे?"

घाई विमानांना होती. पण युनियनची गाडी येणार असताना युनियनच्या सभासदांनी आपापल्या स्कूटरने जायचं म्हणजे शिस्त कुठे राहिली? बसवंत बिचारा हेब्बाळच्या गर्दीतून येरझाऱ्या घालत राहिला. दर खेपेला चार माणसं उतरायची आणि नम्रपणे कामाला लागायची. तिकडे विमानं नाकं पुढे करून रांगेत उभी, आत प्रवासी पंखे हलवताहेत. विनोदकुमार धावत आले.

"ये क्या चल रहा है?"

"साहब, गाड़ी बहुत अच्छी है," बिंदुमाधव म्हणाला. "बस, थोड़ी छोटी है."

मंगळवारीही युनियन चौघाचौघांनी आली. बुधवारी सकाळी चामराजपेटच्या थांब्यावर बस उभी होती. तिच्या काचेवर झेंडूचा हार आणि अंगावर लांबलचक फलक: 'संघर्षाचा विजय', आणि त्यावर सेक्रेटरी सारांचा हात जोडलेला फोटो. सेक्रेटरी सार स्वतःच्या गाडीने आले होते. त्यांनी बसपुढे नारळ फोडला आणि आपण टेबलावर मूठ आपटल्यामुळे ही बस कशी परत आली, ते बसलेल्यांना नीट समजावून सांगितलं. सहसेक्रेटरीपदाचा विषय त्यांनी काढला नाही. पांढरी गाडीही आली नव्हती.

"बिंदू," ते शेवटी आत डोकावून म्हणाले, "तूही दोन शब्द बोल."

खिडकीच्या सीटवर बिंदुमाधवचं डोकं नागराजच्या खांद्यावर कलंडलं होतं आणि तोंड उघडं होतं.

"सार, हळू," नागराज म्हणाला. "ह्याला आज इंजिन उघडायचंय."