चंद्रप्रकाशांचा पर्सनल फाउल

१९८३ साल. त्या वर्षी वर्ल्ड कप जिंकल्यापासून जो तो बॅट घेऊन हिंडत होता, आणि अंधेरी पूर्वेच्या एका सोसायटीत मात्र चंद्रप्रकाश वाघळे बास्केटबॉलच्या मागे लागले होते. हे सोसायटीचे सेक्रेटरी. उभ्या जन्मात त्यांनी चेंडू कधी रिंगपर्यंत पोचवला नसेल, पण इंग्रजी नियमांचं पुस्तक पाठ आणि गळ्यात शिट्टी. ती वाजवायला त्यांना कोणी बोलावत नसे, म्हणून ते स्वतःच वाजवत.

त्या पुस्तकातला एक शब्द त्यांना फार आवडला होता. पर्सनल फाउल. आरेच्या दूध केंद्रावर रांगेत कोणाची पिशवी लागली, पर्सनल फाउल. जिन्यात शेजाऱ्याचा खांदा घासला, पर्सनल फाउल. टोपली उचलताना भाजीवालीचा पदर लागला तरी तिला बिचारीला उभी करून अर्थ समजावत. बायका मागे हसायच्या. पण इंग्रजी शब्द आहे म्हटल्यावर तोंडावर कोण हसणार?

सोसायटीच्या मुली उन्हात खेळायला तयार नव्हत्या आणि ज्या तयार होत्या त्यांची उडी विटेएवढी. तेव्हा वाघळे जोगेश्वरीला खंडूदादाच्या कबड्डी मंडळात आले आणि उंच म्हणून सुलक्षणा परबला निवडून गेले. गुरांच्या बाजारात निवडतात तसं, पण निदान दात पाहिले नाहीत.

सुलक्षणा गेली, कारण घरात गरज होती. बाप भिकाजी गिरणीच्या संपात दीड वर्षापासून घरी बसला होता. आई सोनूबाई चार घरची धुणीभांडी करून चूल पेटती ठेवत होती. आणि एक औषध कंपनी मुलींचा बास्केटबॉल संघ काढणार होती. उपनगरातल्या डिसेंबरच्या स्पर्धेत ज्या मुली नजरेत भरतील त्यांना पॅकिंग खात्यात कायमची नोकरी. कायमची हा शब्द सोनूबाई देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायची.

पहिल्याच दिवशी वाघळ्यांनी मुलींना सिमेंटच्या कोर्टावर बसवून पुस्तक उघडलं. त्यांनी सांगितलं ते असं. हा सभ्य लोकांचा खेळ. इथे समोरच्याच्या अंगाला हात लावणं हाच गुन्हा. धक्का, पकड, मनगटावर फटका, सगळा पर्सनल फाउल. पाच झाले की खेळाडू बाहेर. आणि ज्याच्याकडून फाउल होतो त्याने स्वतः हात वर करायचा, असं पुस्तकात छापलंय. मग सुलक्षणाकडे बघून म्हणाले, "तुमच्या कबड्डीसारखी ओढाताण इथे नाही चालणार. इथे शिस्त लागते."

सुलक्षणाला यात नवीन काहीच वाटलं नाही. खंडूदादाच्या मंडळात हात लागला की पंचाने बोलायच्या आधी आपण हात वर करून मैदानाबाहेर जायचं, अशी रीत होती. दुसरी मंडळं हसायची त्यांना. एकदा अंतिम सामन्यात एका मुलीने नुसता बोटाचा स्पर्श मान्य केला नाही, तर पुढचा सबंध मोसम दादाने तिला फक्त मैदानावर चुन्याच्या रेषा मारायला ठेवलं होतं. दहाव्या वर्षापासून सुलक्षणाचा हात डोक्याला न विचारता वर जायचा. तिला वाटलं, हेच आहे की, फक्त इंग्रजीत.

वाघळ्यांची भाची पद्मजा संघात होती. ती कोपर असं मारायची की समोरचीला रात्री शेकावं लागे, आणि चेहरा असा ठेवायची की जणू आत्ताच देवळातून आली. तिचा हात कधी वर गेलेला कोणी पाहिला नाही. मामांनी तर नाहीच.

अंतिम सामन्याला कंपनीचे साहेब खुर्ची टाकून बसले होते. सुलक्षणा खेळली छान. साहेबांनी दोनदा वाघळ्यांना तिचं नाव विचारलं, आणि दोन्ही वेळा वाघळ्यांनी पद्मजाचंही सांगितलं. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा संघ एका गुणाने पुढे होता आणि सुलक्षणाच्या नावावर चार फाउल होते.

समोरच्या संघाची मुलगी रिंगखाली घुसली. सुलक्षणाने चेंडू काढून घेतला, पण चेंडूच्या आधी तिचा पंजा त्या मुलीच्या मनगटावर बसला. पंच पलीकडे होता, मधे तीन पाठी. शिट्टी झाली नाही. चेंडू हातात, पुढे कोर्ट रिकामं, वाघळे ओरडतायत, पळ, पळ.

सुलक्षणाचा हात वर गेला. तिने चेंडू खाली ठेवला आणि बाकाकडे चालू लागली.

पंच क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. मग मनगट धरून बसलेली मुलगी दिसली आणि त्याने शिट्टी फुंकली. पाचवा फाउल. समोरच्या मुलीने दोन्ही फ्री थ्रो रिंगमध्ये टाकले. पुढे कोणाचाच चेंडू रिंगमध्ये पडला नाही आणि संघ एका गुणाने हरला.

साहेब उठता उठता म्हणाले की मुलगी गुणी आहे, पण संघात घेऊन करायचं काय? वाघळ्यांनी मान डोलावली आणि ते गेल्यावर सुलक्षणाकडे वळले.

"शिट्टी झाली होती का?"

"नाही सर. पण हात लागला होता."

"लागू दे ना. पंचाने शिट्टी मारली तर फाउल. नाही मारली तर तो खेळ झाला."

"तुम्ही तर सांगितलंत, हात लावणं हाच गुन्हा."

"तो अर्थ झाला," वाघळे म्हणाले. "वापर वेगळा असतो. एवढं कळायला डोकं लागतं."

पद्मजा शेजारी बसून बुटाची नाडी सोडत होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना मामा, कबड्डीवाली आहे ती."

घरी भिकाजी ऐकून भिंतीकडे तोंड करून निजला. सोनूबाई भाकरी थापत होती. तिने सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, "हात वर केलंस, ता बरा केलंस गो. पण बॉल कित्याक ठेवलंस खाली? तो आदी टाकूचो, मगे हात वर करूचो."

आणि मग पदराने तोंड पुसून तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

पद्मजाला नोकरी लागली. कंपनीने तीनच वर्षांत संघ बंद केला, पण ती कायम झालेली होती. घाटकोपरला लग्न करून गेली, आणि रिटायर होताना तिला खेळाडू म्हणून शाल मिळाली. भिकाजीची गिरणी उघडली नाही. तो बोरिवलीला एका बिल्डिंगचा वॉचमन झाला आणि खुर्चीतच गेला. खंडूदादाच्या मैदानावर इमारत आली. त्या बिल्डरने उद्घाटनाला दादाचा सत्कार ठेवला, पण दादा तिकडे फिरकला नाही. सोनूबाईने हात चालेनासे होईपर्यंत भांडी घासली. सुलक्षणा जोगेश्वरीच्या एका कारखान्यात अगरबत्त्या भरायला लागली, मग मुलुंडला संसार. बास्केटबॉल तिने पुन्हा हातात धरला नाही. वाघळ्यांनी कोर्टाच्या कडेची जागा घेऊन आपली गॅलरी वाढवली. कोणी विचारलं तर म्हणत, तक्रार आलीय का कुठे?

पुष्कळ वर्षांनी अंधेरीच्या एका लग्नात जेवणाच्या गर्दीत मागून कोणाचं तरी कोपर सुलक्षणाला लागलं आणि वाटीतलं वरण तिच्या साडीवर सांडलं. तिने वळून पाहिलं. वाघळे होते, म्हातारे, हातात ताट. त्यांनी तिला ओळखलं नाही. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. कोणाचं लक्ष नाही अशी खात्री झाल्यावर ते जिलबीकडे सरकले.