विकणे आहे, रेघेसकट

लोक जमिनी घेऊन ठेवतात, सोनं घेऊन ठेवतात. रेघोबाने नावं घेऊन ठेवली होती. इंटरनेटवरची नावं, तीही छोटी, आणि प्रत्येकाच्या मध्ये एक आडवी रेघ असलेली. रेघोबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते सासऱ्यांनी ठेवलं, आपला जावई नेमकं काय करतो हे समजून घ्यायचा त्यांचा तिसरा प्रयत्न फसला त्या दिवशी. पुढे ते इतकं चिकटलं की बँकेतून फोन आला तरच त्याला स्वतःचं खरं नाव ऐकायला मिळे.

त्याचं म्हणणं साधं होतं. छोटी, सुटसुटीत, पटकन लक्षात राहणारी नावं लोकांनी सुरुवातीलाच पटकावली. आता त्यातलं एखादं घ्यायचं म्हटलं तर घर विकावं लागेल. पण त्याच दोन शब्दांच्या मध्ये एक रेघ टाकून बघा, नाव मोकळं सापडतं आणि किरकोळीत मिळतं. हमरस्त्यावरचं दुकान परवडत नाही ना, मग शेजारच्या बोळातलं घ्या. एक दिवस हमरस्ता भरेल आणि गिऱ्हाईक बोळात वळेल. हे तो कुणालाही सांगे. न्हाव्याला सांगे. दातांच्या डॉक्टरला तर तोंडात नळी असतानासुद्धा सांगायचा प्रयत्न केला होता.

बोळात आजवर चिटपाखरू वळलं नव्हतं. नावं हातची जाऊ नयेत म्हणून दर वर्षी प्रत्येकाचे पैसे मात्र भरावे लागत. रेघोबा एका गोदामात माल रवाना करायच्या कामावर होता आणि त्याच्या पगाराचा बराचसा भाग असा रेघांवर जाई. घर चाले ते इस्पितळात परिचारिका असलेल्या बायकोच्या पगारावर. तिने कधी तोंड वाजवलं नाही. कुणी छेडलंच तर म्हणे, इतरांचे नवरे पत्ते कुटतात, हा रेघा ओढतो, निदान घरात तरी असतो. हे ऐकून रेघोबा हसे. पण एक दिवस तिच्यासमोर एखादं तरी नाव विकून दाखवायचं, हे त्याच्या मनात घर करून बसलं होतं.

त्या सगळ्या संग्रहातलं एकच नाव वापरात होतं. की-बॉक्स. ते ताईकडे होतं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती कुलपांचं काम शिकली. अडकलेली दारं उघडायची, चाव्या बनवायच्या, कुलपं बसवायची. मग तिने स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांनी तिला भरभरून दिला तो फक्त सल्ला. काका म्हणाले, बाईमाणसाने लोकांची दारं उघडत फिरू नये. आईने डोळ्यांना पदर लावला. मामाने तोट्यात गेलेल्या दुकानांची यादीच ऐकवली. रेघोबा तेवढा उठला, आपल्या संग्रहातलं त्यातल्या त्यात बरं नाव काढलं आणि ताईला म्हणाला, दुकानाला नाव लागेल ना, हे घे, तुझंच समज. इंटरनेटवरचं पान त्यानेच बनवलं, वर किल्लीचं चित्रही त्यानेच टाकलं. पुढे ते नाव दुकानाच्या पाटीवर गेलं, ताईच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना रंगवलं गेलं. कागदावर मात्र ते रेघोबाचंच राहिलं, कारण भावाबहिणीत कागद कोण करतो.

आणि मग एका दुपारी, गोदामात खोक्यांवर पत्ते चिकटवता चिकटवता, त्याला एका दलालाचा मेल आला. घराबाहेर भिंतीला लावायच्या छोट्या पेट्या बनवणारी एक कंपनी होती. आत घराची किल्ली ठेवायची आणि पेटी मोबाइलवरून उघडायची. त्यांना हे नाव बिनरेघेचं हवं होतं, पण त्याचा म्हातारा मालक अव्वाच्या सव्वा किंमत सांगून बसला होता. तेव्हा रेघवालं विकायचा विचार आहे का, अशी विचारणा होती. खाली आकडा होता.

गिऱ्हाईक बोळात वळलं होतं. रेघोबा ‘जपून हाताळा’ असं लिहिलेल्या खोक्यावर मटकन बसला. आकडा त्याने पुन्हा वाचला. बायकोला रात्रपाळ्या सोडता येतील, सासऱ्यांना नाव बदलून ठेवावं लागेल, न्हाव्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, असे मनात मांडे भाजून झाले. चहाचा कप अर्धा व्हायच्या आत त्याला ताई आठवली आणि त्याने कप खाली ठेवला.

हे म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. विकावं, तर जिला अख्ख्या गोतावळ्यात आपण एकट्याने आधार दिला, तिच्याच दुकानावरची पाटी काढून घ्यायची. न विकावं, तर सगळा जन्म ज्या एका गोष्टीची वाट पाहिली तिला दारातून परत पाठवायचं. पैशांपेक्षाही ताईच्या तोंडाकडे बघायचं कसं, याची त्याला धडकी भरली. तिने एकदा मन काढून घेतलं की पुन्हा देत नाही, हे तिच्या नवऱ्याच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं होतं.

रेघोबाने मग त्याला जमण्यासारखं केलं, म्हणजे काहीच केलं नाही. दलालाला उत्तर दिलं नाही. ताईला सांगायचं म्हणून तो तिच्या दुकानात जाई, ती विचारी, काय रे, कसा आलास, आणि याच्या तोंडून निघे, घराची एक जादा चावी हवी होती. ताई चावी बनवून देई. हा ती खिशात टाकून मुकाट्याने घरी येई. दोन दिवसांनी पुन्हा जाई.

इकडे दलालाचा वेगळाच समज झाला. समोरचा इसम उत्तर देत नाही म्हणजे चांगला मुरलेला व्यापारी आहे, असं त्याने धरलं आणि आकडा वाढवला. तरी उत्तर नाही. मग त्याने लिहिलं की आपल्या अनुभवाचा आम्हाला आदर आहे, आणि आकडा आणखी वाढवला. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात ते उगीच नाही. अर्थ साधत होता, माणूस तेवढा सुकत चालला होता. प्रत्येक नव्या आकड्याबरोबर ताईला सांगणं अवघड होत होतं, कारण आता तिने विचारलं असतं की इतके दिवस का नाही बोललास, तर त्याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

शेवटी चोरी चाव्यांनीच पकडून दिली. बायको एकदा टेबलाचा खण आवरायला बसली आणि एकाच दाराच्या मूठभर चाव्या हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. घरात माणसं दोन आणि चाव्या एवढ्या, कुणाला वाटताय का, असं तिने विचारलं. रेघोबाने सगळं सांगून टाकलं. आकडा सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

चाव्या तिने टेबलावर ठेवल्या.

“पैसे नकोत असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “रात्री जागून माझे पाय भरून येतात. पण ताईंना दुखवून आलेलं मला काही नको. विकणार असाल तरी सांगा, नसाल विकणार तरी सांगा. दुखणं लपवून ठेवणारी माणसं मी वॉर्डात रोज बघते. दुखणं बरं होत नाही हो, नुसतं वाढतं.”

दुसऱ्या दिवशी गोदामातून सुटल्यावर रेघोबा थेट दुकानात गेला. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. एका भिंतीवर कोऱ्या चाव्या खालपासून वरपर्यंत टांगलेल्या, दुसरीला लागून चावी कापायचं यंत्र, आणि सगळीकडे तेलाचा वास. ताईच्या हातांवर कोपरापर्यंत पितळेचा कीस चिकटलेला होता. ती खांद्याने फोन कानाशी धरून बोलत होती.

कुणीतरी आपल्याच दाराबाहेर अडकलं होतं आणि त्याला तिचे दर बघायचे होते. आधी की, मग आडवी रेघ, असं ती सांगत होती. खालची नव्हे, मधली. हो, शून्याच्या शेजारची. नाही सापडत? मग राहू द्या, तुम्ही कुठे उभे आहात तेवढं सांगा. एरवी हे ऐकून रेघोबाची छाती फुगत असे, आपली रेघ जगात चाललीय म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला ताईचा आवाज ऐकू आला. तो दमलेला होता.

फोन ठेवून तिने विचारलं, चावी का?

“नाही,” तो म्हणाला. “ताई, की-बॉक्सला गिऱ्हाईक आलंय.”

“माहीत आहे मला.”

ताईने खुलासा केला. दुकानाचा नंबर पानावर होताच, तेव्हा दलालाने आधी तिलाच फोन केला होता. तिने त्याला सुनावलं होतं की नाव माझ्या भावाचं आहे आणि तो ते कुणाला विकणार नाही. दलाल पुन्हा पुन्हा फोन करत राहिला, दर वेळी मोठा आकडा सांगत राहिला, आणि ती दर वेळी तेच सांगत राहिली. म्हणजे एकीकडे भाऊ गप्प आणि दुसरीकडे बहीण खमकी, अशा कात्रीत सापडून त्या बिचाऱ्याने किंमत चढवत नेली होती.

“आणि तू सारखा यायचास, चावी घेऊन जायचास, चकार शब्द बोलायचा नाहीस,” ताई म्हणाली. “मला वाटलं, हा माझ्यापायी एवढ्या पैशांवर पाणी सोडतोय आणि मला कळूही देत नाही. मला झोप नाही रे.”

“मी पाणी नाही सोडलं,” रेघोबा म्हणाला. “मला विकायचंय.” आणि बोलून गेल्यावर तो गडबडला. “म्हणजे तुझी हरकत नसेल तर. म्हणजे नकोच. जाऊ दे, राहू दे ते.”

ताईने हातातली कानस खाली ठेवली, स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडतेय असं रेघोबाला वाटलं. पण ती हसत होती.

“विक रे बाबा,” ती म्हणाली. “एकदाचं विकून टाक. त्या रेघेने जीव नकोसा केलाय माझा. अर्धी माणसं रेघ विसरतात आणि त्या म्हाताऱ्याच्या रिकाम्या पानावर जाऊन बसतात. थंडीत दाराबाहेर कुडकुडणारा माणूस रेघ शोधत बसतो का? दुसऱ्याला फोन लावतो तो.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

ताईचं हसू ओसरलं. हातावरचा कीस तिने फडक्याने पुसला.

“कसं बोलणार होते? सगळ्यांनी मला अक्कल शिकवली. तू एकट्याने काहीतरी हातात दिलंस. ते टोचतंय असं तुला कुठल्या तोंडाने सांगू?”

रेघोबाचा जीव भांड्यात पडला. ज्या घटकेला त्याचं पहिलं नाव विकलं जाणार हे पक्कं झालं, त्याच घटकेला त्याचा इतक्या वर्षांचा सिद्धांत सख्ख्या बहिणीने मोडीत काढला होता. कंपनीची पेटी लोक मोबाइलवर नुसतं बोट लावून उघडतील, नाव कुणाला सांगावं लागणार नाही, म्हणून तिथे रेघ चालेल. ताईच्या धंद्यात ती पहिल्या दिवसापासून आड येत होती. एरवी असं कुणी बोललं असतं तर त्याने तासभर वाद घातला असता. आज त्याला फक्त एवढंच कळत होतं की ताई रागावलेली नाही. तो काउंटरला टेकून लांब श्वास घेत राहिला.

मग त्याने अर्धे पैसे तुझे, असं सांगितलं. ती नको नको म्हणेल आणि आपण आग्रह करू, अशी सगळी तयारी तो येता येता वाटेत करून आला होता.

“बरं,” ताई म्हणाली. “आणि गाडी पुन्हा रंगवायचा खर्च वेगळा. इतकी वर्षं फोनवर ती रेघ मी सांगितलीय, तू नव्हे.”

रेघोबाला तिला मिठीच मारावीशी वाटली. ती नको म्हणाली असती तर ते ओझं त्याने मरेपर्यंत वाहिलं असतं. तिथेच उभ्या उभ्या त्याने दलालाला मान्य असल्याचं लिहिलं. ताईने त्याच्या खांद्यावरून ते वाचलं, आकडा बरोबर पडलाय का ते बघितलं आणि पाठव म्हणाली.

मेल गेला. दुकानाला आता नवं नाव लागणार होतं. रेघोबाचा हात सवयीने मोबाइलकडे गेला, संग्रहात अजून कितीतरी नावं पडून होती. पण त्याने फोन खिशात टाकला.

“नाव या वेळी तूच ठेव,” तो म्हणाला.

ताई जरा घुटमळली. मग यंत्राकडे बघत म्हणाली, “ठेवलंय कधीच. तुझ्यासारखंच घेऊन ठेवलंय. दर वर्षी गुपचूप पैसे भरते. तुला वाईट वाटेल म्हणून वापरलं नाही.”

“कुठलं?”

“कुलूपवाली. लोक तेच म्हणतात मला.”

नाव रेघोबाने मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं, मग मोठ्याने म्हणून पाहिलं. मध्ये कुठेही अडायला झालं नाही.

“चांगलं आहे,” तो म्हणाला. “जरा लांब आहे, पण चांगलं आहे.”